सुंभ आणि पीळ

आशय मोठा की घाट, हा वाद वाङ्मयाच्या वर्गांत आम्ही इतक्या वेळा ऐकला आणि घातला आहे, की एव्हाना त्याचा कंटाळा यावा. तो आलेला नाही, याचे श्रेय अलीकडे भौतिकशास्त्रातील एका प्रकरणाला द्यावे लागेल.

पेरॉव्स्काइट हे १८३९ साली उरल पर्वतातील खनिजाच्या निमित्ताने ओळखले गेलेले नाव. त्याच घडणीचे, शिसे आणि ब्रोमीन वा आयोडीन असलेले स्फटिक आज प्रयोगशाळांत तयार होतात आणि उत्तम प्रकाशतात. प्रकाशलहरीचे कंपन पुढे जाता जाता मळसूत्रासारखे फिरू लागले, की तो वर्तुळ-ध्रुवित प्रकाश. हे फिरणे डावे असते किंवा उजवे. साध्या पेरॉव्स्काइटमधून दोन्ही सारख्याच प्रमाणात निघतात, म्हणून एकूण प्रकाशाला वळण राहत नाही. स्फटिकात डाव्या वा उजव्या घडणीचे रेणू मिसळणे, म्हणजे द्रव्यच बदलणे, हा एक उपाय. दुसरा अधिक विलक्षण: द्रव्य तेच ठेवून त्यावर काहीशे नॅनोमीटरच्या, आपल्याच आरशातील प्रतिबिंबाशी न जुळणाऱ्या आकृत्या कोरायच्या. मग बाहेर पडणाऱ्या प्रकाशात एका बाजूचे फिरणे वरचढ ठरते.

हे वाचताना आम्हांला भंडारा जिल्ह्यातील कोसा आठवला. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव या रेशमासाठी नावाजलेले. टसरच्या मुलखात बायका परंपरेने कोशांतील तंतू मांडीवर तळहाताने वळत आल्या. तंतू तेच, हात ज्या बाजूला फिरेल त्या बाजूचा पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी राखून ठेवली. तिच्यात एक साहित्यविचारही आहे, हे ध्यानात यायला आम्हांला हा स्फटिक लागला.

तरीही घाटवाद्यांनी लगेच विजय साजरा करू नये. तीच आकृती साध्या काचेवर कोरली, तर काच आपणहून उजळत नाही. शिवाय पीळ फुकट पडत नाही. सूत वळून वळून मांडीची कातडी सोलते, हे टसरच्या धंद्यातील जुने दुखणे आहे. मर्ढेकरांनी लयीचे नियम सांगितल्यापासून आपण घाटाविषयी पुष्कळ लिहिले. तो घाट कुणाच्या अंगावर वळला गेला, हे मात्र क्वचितच विचारले. पुढच्या वर्गात वादाची सुरुवात या प्रश्नाने करावी, असे आम्हांला वाटते.