वाकड्या सोंडेचा सिमन्स

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या सोंडा घडताना मी लहानपणापासून बघत आलोय. ओल्या मातीची वळी, अंगठ्याचा हलका दाब, की सोंड वळली. त्यामुळे कॅथलॅबमध्ये सिमन्स कॅथेटर पहिल्यांदा हातात आला, तेव्हा ओळखीचाच वाटला. मीटरभर लांब, पावणेदोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाड. सगळं अंग सरळ, शेवटी मात्र उलटी वळलेली सोंड.

त्याचे सरळ भाऊबंद कपाटात पुष्कळ. बहुतेकांच्या मानेची धमनी त्यांना सापडते. पण दहा माणसांत एखाद-दोघांची डावीकडची फांदी महाधमनीच्या कमानीतून स्वतंत्र न निघता उजवीकडच्या खोडातून फुटते. अशा कमानीला ‘बोवाईन आर्च’ म्हणतात. गाईची कमान खरं तर अशी नसते, नाव तेवढं रूढ झालंय. जांघेतून वर गेलेल्या नळीला तिथं जवळजवळ उलटं फिरावं लागतं. सरळ नळी पुन्हा पुन्हा घसरते.

मग सर हात पुढे करतात. “सिमन्स दे.”

त्या दिवशी टेबलावर होते एक आजोबा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे रवे पाठीवर वाहिलेले. “हात लुळा पडला, पाच मिंटांत परत आला. मग कुणाला सांगायचं?” म्हणाले होते. त्या पाच मिनिटांची मला फार भीती वाटते. पॅरालिसिस पुष्कळदा असा आधी दार वाजवून जातो.

आत जाताना सिमन्स तारेवर ताणून सरळ होतो. कमानीत त्याला त्याचं वळण परत मिळवून द्यायचं, तेही भिंतीवरचा थर न खरवडता. मग स्वभाव कळतो: ढकलला की सुटतो, आपल्याकडे ओढला की टोक वर चढतं. नवा हात इथंच चुकतो. सरांनी बोटभर ओढला आणि डायची काळी रेघ मानेत चढली. जबड्याच्या कोनाखाली दोऱ्याएवढी बारीक.

तार वर ठेवून सिमन्स बाहेर आला. तिच्यावरून जाड नळी, मग सुटलेले कण धरणारी छत्री, निटिनॉलचा स्टेंट. आतून फुगा फुगवला तशी नाडी एकदम उतरली. रक्तदाब जोखणाऱ्या नसांची टोकं नेमकी तिथंच असतात. ॲट्रोपीन भरून ठेवलेलंच होतं.

“आजोबा, उजवा हात उचला बघू.”

उचलला, आणि माझं बोट घट्ट धरलं. ट्रेमध्ये सिमन्स पडला होता. रक्तानं माखलेला, सोंड जशीच्या तशी वळलेली.