काचेवरचा टवका

गेल्या हिवाळ्यात मी नातीसह पुण्याहून साताऱ्यास गेलो होतो. खंबाटकी घाटात पुढील मालमोटारीच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि आमच्या मोटारीच्या समोरील काचेचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. साताऱ्याचा कारागीर म्हणाला, “गुरुजी, आजच यात राळ भरून घ्या. थोडक्यात निभावेल.” “पुढे पाहू,” असे म्हणून मी निघालो.

चौथ्या दिवशी पहाटे काच गारठली होती. मी आतून उष्ण हवेचा झोत सोडला मात्र, कट्‌कन आवाज झाला आणि तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला. नात दचकून मला बिलगली. परंतु काचेचा कणही तिच्या अंगावर पडला नाही. दोन काचांमधील चिवट पापुद्र्याने तुकडे धरून ठेविले होते. १९०३ साली बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची, आतून लेप बसलेली एक कुपी खाली पडली. ती तडकली, पण विखुरली नाही. त्यावरूनच त्याला अशा काचेची कल्पना सुचली.

आता मात्र संपूर्ण काच बदलावी लागली. आजचे काम उद्यावर टाकू नका, असे मी मुलांना जन्मभर सांगत आलो. नात काहीच बोलली नाही; नव्या काचेकडे पाहून नुसती हसली. मी मान खाली घातली.