विक्रोळी ते वरळी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून वरळीच्या बी.डी.डी. चाळींपर्यंत टेम्पोने यायला फार तर दीड तास लागतो. आम्हाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये अख्खा आठवडा लागला. त्याआधी भाड्याच्या खोलीत काढलेली वर्षे धरली, तर हिशेब आणखी वाढेल.

बी.डी.डी. चाळी आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. १९२० नंतरच्या काळात इंग्रज सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या या २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. परळच्या ट्रस्टच्या चाळीत प. पू. बाबासाहेबही १९३४ पर्यंत दोन खोल्यांतच राहिले, हे आमच्या सासूबाई प्रत्येक तक्रारीवर उत्तर म्हणून सांगत. आम्ही त्यांना आईच म्हणतो. लग्न होऊन त्या वरळीला आल्या तेव्हा एका खोलीत नऊ माणसे होती. पुरुष मधल्या पॅसेजमध्ये झोपत. १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली तेव्हा याच पॅसेजमध्ये बायका रात्र रात्र जागत बसल्या होत्या. पुढे चाळीतल्या रात्रीच्या वर्गात आई अक्षरे शिकल्या.

१४ ऑगस्टला, गुरुवारी, माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्याचा सोहळा झाला. १६० फुटांच्या बदल्यात पाचशे चौरस फूट, मालकीचे! आमच्या घरात पेढे वाटले गेले. मुलाने आपला कोपरा कुठला, हेसुद्धा ठरवून टाकले. आई मात्र गप्प होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तुम्ही जा. मी पौर्णिमेनंतर येईन."

कारण असे की, आषाढ पौर्णिमेपासून विक्रोळीच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. रोज रात्री एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ते संपणार अश्विन पौर्णिमेला. आईंची पाळी २४ तारखेच्या रविवारी होती. "वर्षावासात जागा सोडायची नसते," त्या म्हणाल्या. यावर हे म्हणाले, "आई, तो नियम भिक्खूंना आहे." आई म्हणाल्या, "मग आपल्याला कुठलाच नियम नको का?" यावर कुणाकडे उत्तर नव्हते.

शनिवारी पहाटे विक्रोळीच्याच पार्कसाइटला दरड कोसळली आणि एका घरातली दोन माणसे गेली. ती वस्ती डोंगराला लागून, स्टेशनच्या पलीकडे. आम्ही त्या घरच्यांना ओळखत नव्हतो. पण डब्यातले उरलेले पेढे त्या दिवशी कुणी खाल्ले नाहीत.

टेम्पो मंगळवारचा ठरला होता. सोमवारी जो पाऊस सुरू झाला तो मंगळवारी थांबायचे नावच घेईना. शाळांना सुट्टी, मध्य रेल्वे आणि हार्बरच्या रुळांवर पाणी, गाड्या बंद. हे सोमवारी रात्रपाळीला गेले होते, ते मंगळवारी रात्री अकरा वाजता शीवहून हायवेने चालत घरी पोचले. पायाला फोड, चपला हातात. बांधलेल्या गाठोड्यांवर बसून आम्ही खिचडी खाल्ली, कारण पोळपाट कुठल्या गोणीत गेला होता ते मलाच आठवेना.

बुधवारी दुपारी फोन आला. चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या मावशी गेल्या. दिव्याला मुलाने घेतलेल्या भाड्याच्या घरात. आई आणि त्या पन्नास वर्षे समोरासमोर राहिल्या, एकाच नळावर भांडल्या, एकमेकींची बाळंतपणे केली. त्यांनाही याच यादीत घर लागले होते. गाड्या सुरू झाल्या होत्या; आम्ही आईंना घेऊन दिव्याला गेलो. त्रिसरण, पंचशील झाले. आईंनी मुलाला एवढेच विचारले, "चावी आली का रे?" त्याने खिशातून काढून दाखवली. आईंनी ती घेतली, मावशींच्या हातात क्षणभर ठेवली आणि परत दिली.

येताना गाडीत त्या म्हणाल्या, "टेम्पो कधीचा सांगितलाय?"

टेम्पोवाल्याचा आठवडा भरलेला होता. फक्त शुक्रवार रिकामा. का, तर त्या दिवशी दुपारपासून अमावास्या. सामान हलवायला कुणी तयार नाही. आम्ही तयार आहोत म्हटल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री केली आणि पाचशे रुपये कमी केले. धम्म स्वीकारल्याचा असा रोख फायदाही कधी कधी होतो!

शुक्रवारी उतरलो तेव्हा सगळ्यात आधी भगवान बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि आईंचा ग्रंथ वर नेला. मग गॅस. आई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली अजून न पाडलेल्या चाळींची छपरे, त्यावर निळी प्लॅस्टिके. "आपली चाळ कुठल्या बाजूला होती ग?" त्यांनी विचारले. मी एकीकडे बोट दाखवले, ह्यांनी दुसरीकडे. खरे म्हणजे आम्हा दोघांनाही ओळखता येत नव्हते. इमारत उभी राहिली की जमिनीची खूणच राहत नाही. आई म्हणाल्या, "असू दे. आपण तिच्यावरच उभे असू."

नव्या घरात संडास आत आहे. चाळीत रात्री बारा वाजता मुलींना एकटे पाठवायची धास्ती ज्यांनी सोसली, त्यांनाच याची किंमत कळेल. मी त्या दिवशी तीनदा नुसते दार उघडून पाहिले. पण जिन्याशेजारच्या पॅसेजमध्ये सगळी दारे बंद दिसली, ते मला आवडले नाही. आईंनी आमचे उघडेच ठेवले. शनिवारी सकाळी पलीकडच्या घरातली सून विळी मागायला आली. जुन्या सात नंबरातली निघाली.

रविवारी आईंना घेऊन मी दादरहून विक्रोळीला गेले. ग्रंथ दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला. आई चष्मा पुसून बसल्या आणि बोट ठेवून, हळू, एकही ओळ न गाळता वाचल्या. अर्धा तास लागला. कुणी उठले नाही. नंतर खीर झाली.

परतायला दहा वाजून गेले. लिफ्टमध्ये मी हात पुढे करण्याआधीच आईंनी आमच्या मजल्याचे बटण दाबले.