तंबोऱ्याशेजारची गिटार

आमच्या बेळगावच्या घरी, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, मिरजेहून आणलेला एक तंबोरा गेली पन्नास वर्षे उभा आहे. त्याची गवसणी दोनदा बदलली, जागा कधी बदलली नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या नातीने स्वतः साठवलेल्या पैशांतून साडेआठ हजारांची एक काळीकुळकुळीत बेस गिटार आणून त्याच कोपऱ्यात टेकवली, तेव्हा आमच्या तोंडून निघून गेले, "घरात सूर असताना हा गुरगुराट कशाला?" पोर काही बोलली नाही. महिन्याभरात गिटार माळ्यावर गेली.

गेल्या दिवाळीआधी माळा झाडताना ती खाली आली. "वाजवत का नाहीस?" आम्ही विचारले. "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात ते खरंच होतं. ती गुरगुरतेच. आणि बोटांना बोचते," नात शांतपणे म्हणाली. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने आमचा टोमणा निदान म्हणून स्वीकारला होता, हे काही आम्हाला सोसेना. उभा जन्म खतावण्या लिहिण्यात गेलेला. हत्यार म्हणून पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे आमची मजल नाही. तरी म्हटले, ही दुरुस्त करायची, आणि दोघांनी मिळून करायची.

बोचण्याचे कारण सरळ निघाले. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. पडद्यांची धातूची तार आकसत नाही, म्हणून तिची टोके मानेच्या कडेबाहेर डोकावतात. स्वस्त वाद्यात ती घासून गोल करण्याइतका वेळ कोणी देत नाही. वीस पडद्यांची चाळीस टोके! मधल्या लाकडावर कागदी चिकटपट्टी लावून बारीक कानशीने ती घासण्यात आमचे चार दिवस गेले. अंगठा फिरवून "हे अजून बोचतंय, आजोबा" असा निकाल नात देई आणि आम्ही निमूटपणे पुन्हा घासू लागत असू.

मानेच्या आत एक पोलादी सळई असते, हे आम्हाला नवीनच होते. चार तारांचा मिळून ७० किलोंच्या आसपास ताण मानेवर पडतो. सळईचा पेच पाव फेरा फिरवला की वाक कमी होतो. मग घोडी खाली घेऊन तारा पडद्यांजवळ आणल्या, तर त्या झणझणू लागल्या. तंबोऱ्यात ज्या झणकारासाठी आपण जवारीचा दोरा सरकवत बसतो, तोच इथे दोष! पुन्हा किंचित वर. या खटपटीत आम्ही पहिल्यांदाच नातीला जवारी म्हणजे काय ते समजावून सांगितले. इतकी वर्षे का सांगितले नव्हते, कोण जाणे.

खरा तिढा गुरगुराटाचा होता. तारेखाली चुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उठतो. पण घरातल्या विजेची ५० आवर्तनेही तेच वेढे टिपतात. सर्वांत जाड तार मोकळी वाजते ती ४१ आवर्तनांवर; म्हणजे घरची वीज तिच्या तिसऱ्या पडद्याशेजारी ठाण मांडून बसलेली. तारांना हात लावला की गुणगुण कमी होई. यावरून उमगले की जमिनीची जोडणी ठीक आहे, कमतरता आतल्या आवरणाची आहे. मग लाकडातल्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, पट्टीला पट्टी डाखली आणि सर्व त्या जोडणीला मिळवले. हात थरथरत होता. एका तारेचे वेष्टन जळालेच.

सगळे बसवून वाजवले, तर गुरगुराट नाही आणि सूरही नाही. मुकी! त्या रात्री आम्ही जेवलो नाही. पोरीच्या कष्टाची वस्तू आधी शब्दाने मारली, आता हाताने. सकाळी नातीनेच झाकण उघडून विजेरी धरली. खोबणीत वायर घातली की आतली पातळ जीभ तांब्याला टेकत होती आणि सूर परस्पर जमिनीत जात होता. तिथे विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावली. दोन इंच पट्टी!

काळा रंग काढण्याचा बेतही होता. तो लेप कमालीचा टणक, आणि खाली लाकडाचे जोडलेले तुकडे निघाले. हात टेकतो तेवढीच जागा उघडी करून तिला जवसाचे तेल पाजले. बाकी रंग तसाच आहे. आम्हाला तो आता वाईट दिसत नाही.

त्या संध्याकाळी नात म्हणाली, "आजोबा, तंबोरा लावा ना." गवसणी काढली, तारा काळी एकला मिळवल्या. तिने दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर बोट ठेवले आणि छेडले. तो बरोबर आमच्या खर्जाच्या तारेचा सूर होता. आतून नातीच्या आजीची हाक आली, पाने मांडली आहेत म्हणून. "पाच मिनिटं," आम्ही दोघेही एकदम म्हणालो.