पुतणीच्या पाठशाळेंत

यंदाच्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एक लहानशी पाठशाळा भरली होती. गुरु म्हणजे आमची चोवीस वर्षांची पुतणी व तिची एक मैत्रीण. शिष्य म्हणजे साठी उलटलेले आम्ही. पुतणी ‘पॉडकास्ट’ करते, मैत्रीण ‘ब्लॉग’ लिहिते. हीं दोन्ही नांवें ऐकून आजवर आम्ही नाक मुरडीत आलों. ज्या लेखनावर संपादकाची लेखणी फिरत नाहीं आणि ज्या भाषणाला अध्यक्ष नाहीं, त्याची किंमत ती काय, असा आमचा ग्रह होता. परंतु चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंच्या आठवणी जपून ठेवाव्या असें मनांत आलें, आणि या मुलींचें शिष्यत्व पत्करण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

आरंभीं शब्दांचें कूळ समजलें. १९९७ सालीं जॉर्न बार्जर यांनीं महाजालावरील आपल्या टिपणांस ‘वेबलॉग’ म्हटलें. १९९९ सालीं पीटर मेरहोल्झ यांनीं थट्टेनें त्याची ‘वी ब्लॉग’ अशी फोड केली, आणि ‘ब्लॉग’ तेवढा उरला. ‘पॉडकास्ट’ हा शब्द बेन हॅमर्स्ली या पत्रकारानें २००४ च्या फेब्रुवारींत ‘गार्डियन’ पत्रांत सुचविला. ‘आयपॉड’ व ‘ब्रॉडकास्ट’ यांचा तो संकर. आयपॉडचें उत्पादन २०२२ सालीं थांबलें. नांव मात्र मागें राहिलें. नभोवाणीप्रमाणें येथें ठरलेली वेळ नाहीं. नवा भाग तयार झाला कीं त्याचा पत्ता एका यादींत नोंदला जातो. श्रोत्याचें यंत्र ती यादी अधूनमधून पाहून तो भाग घेऊन येतें. मासिकाची वर्गणी भरावी आणि अंक दारीं यावा, तसाच हा प्रकार.

मैत्रिणीनें लेखनाचा धडा दिला. “काका, सर्वांसाठीं लिहूं नका, एका ओळखीच्या माणसाला पत्र लिहितां तसें लिहा. आणि चूक कळली तर गुपचूप पुसूं नका. खालीं तारीख घालून दुरुस्ती लिहा.” संपादकावांचूनही लेखनाला शिस्त असूं शकते, हें आम्हांस तेव्हां प्रथम उमजलें.

पुतणीचे धडे अधिक हातचे होते. दिवाणखान्यांतल्या उघड्या भिंतींवरून आवाज परततो, म्हणून तिनें गाद्यांच्या खोलींत बैठक मांडली. पंखा बंद केला. ध्वनिग्राहक तोंडासमोर न धरतां वीतभर अंतरावर, किंचित् बाजूस ठेवला. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारतांना सुटणारा श्वास त्यावर आदळतां कामा नये. प्रारंभीं अर्धा मिनिट कोणीं बोलावयाचें नाहीं. खोलीची शांतताही टिपून ठेवावयाची, म्हणजे पुढें तिच्यावरून मागची घरघर ओळखून कमी करतां येते. सर्वांत कठीण धडा मौनाचा. आत्याबाई थांबल्या कीं आम्ही पुढचा प्रश्न घालीत होतों. पुतणीनें आमच्या हातावर हात ठेवला. त्या थांबण्यांतूनच पुढची आठवण वर आली.

चौथीनंतर शाळा कशी सुटली, तें आत्याबाईंनीं सांगितलें. मग कोणीं न विचारतां त्यांनीं आपल्या वडिलांची, म्हणजे आमच्या आजोबांची, एक कडू गोष्ट सांगितली. ती या घरांत आजवर कोणींही ऐकली नव्हती. आम्ही तर हर्षभरित झालों! हाच भाग सर्वांआधीं प्रसिद्ध करावा, असें आम्हीं सुचविलें. पुतणी म्हणाली, “काका, आवाज आत्याआजींचा आहे. आधीं त्यांना ऐकवूं या.”

सगळें ऐकून झाल्यावर आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग तिला म्हणाल्या, “शाळेचें जगाला ऐकव. दुसरें पुसूं नकोस, पण बाहेरही देऊं नकोस. तें घरचें आहे.”

आपल्या उतावीळपणाची आम्हांस लाज वाटली. ज्या संपादकाची उणीव आम्ही इतके दिवस काढीत होतों, तो त्या दिवशीं आमच्या पुतणींत आम्हांला भेटला.

प्रसिद्ध झालेला भाग अकरा मिनिटांचा आहे; उरलेला कपाटांत कुलुपाआड आहे. वाचकांच्या घरींही अशा कोणी आत्या, काकू, आजी असतील. यंत्र तर बहुतेकांच्या खिशांत आहेच. पंखा बंद करून अर्धा तास त्यांच्याजवळ बसावें, आणि जें ऐकलें तें कोणाचें आहे, याचा विसर पडूं देऊं नये.