विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो खरे. पण विंचवाला बिऱ्हाड ते कसले असणार? ना चूल, ना पाण्याचा पिंप, ना पाटावरवंटा. विंचवाची मादी आपली पिले पाठीवर घेऊन हिंडते, त्यावरून ही म्हण पडली असावी. म्हणजे म्हण करणाराच्या लेखी बिऱ्हाड म्हणजे माणसे, भांडीकुंडी नव्हेत. हल्ली मात्र माणसे मोटारीत पुढे बसतात नि चूल, पलंग, मोरी, कपाट असे सगळे साग्रसंगीत घर दोन चाकांवर मागून ओढत नेतात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात.

हे वेड आमच्या घरात आणले माझ्या मेहुण्याने. तो पंधरा वर्षे इंग्लंडात होता. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी लागली की कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांवर अशा ओढत्या घरांची रांग लागते, आणि मागचे मोटारवाले मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. परत आल्यावर त्याने एका कारखान्यातून चौदा फूट लांब नि साडेसहा फूट रुंद अशी एक खोली बनवून घेतली. कायद्याच्या दृष्टीने ही खोली मोटारीचे शेपूट नव्हे. ते स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून तर मेहुण्याला आपण काही राष्ट्रीय कार्य करीत आहोत असे वाटू लागले आहे.

रस्ता ठरवण्याचे काम मात्र माझ्या गळ्यात पडले. "भावोजी, तुम्ही कॉलेजात प्रवासवर्णनं शिकवता ना? मग रस्ता तुम्हीच काढा." प्रवासवर्णन शिकवणाऱ्याला रस्ते ठाऊक असतात, ही समजूत शाकुंतल शिकवणाऱ्याला हरणे पाळता येतात अशा धर्तीची आहे. पण मुलुंडहून फार दूर नाही, गर्दी नाही, डोंगर आहे, अशी जागा शोधता शोधता माझे बोट जव्हार-मोखाड्यावर येऊन थांबले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "जव्हारला? तिथे काय बघायचंय?" १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हापासून आमच्या पिढीच्या मनात त्या तालुक्याचे एकच चित्र टांगलेले आहे.

घर मागे जोडले की रस्त्याकडे बघण्याची दृष्टीच पालटते, हे मला या कामात कळले. एरवी आपण रस्त्याच्या कडेचे झाड बघतो. आता त्याची खाली आलेली फांदी बघायची. एरवी दरीचे सौंदर्य. आता कठड्यापासून डांबरापर्यंतचे अंतर. वळणावर मोटार ज्या वाटेने जाते त्या वाटेने मागची खोली जात नाही. ती आतल्या बाजूने वळण कापते, म्हणून पुढच्याने बाहेरून फेर घ्यायचा. उतारावर ब्रेक दाबत बसायचे नाही. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरायचे. आणि मागे घेणे! चाक उजवीकडे फिरवले की खोली डावीकडे जाते, डावीकडे फिरवले की उजवीकडे. लहान मुलाच्या हट्टासारखा हा प्रकार आहे. जे करायला हवे त्याच्या उलट सांगायचे. सारांश, परत फिरायला जागा नाही अशा रस्त्यावर, तो कितीही रमणीय असो, शिरायचेच नाही.

सामान भरण्याचेही शास्त्र आहे. जड वस्तू चाकांच्या आसाच्या आसपास, जमिनीलगत. वजन मागे झाले की ती खोली वेगात असताना डुलू लागते आणि मोटारीलाही डोलवते. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतीने फराळाचीच वर्गवारी केली : लाडू आणि अनारसे आसावर, चकल्या त्यांच्या पुढे, चिवडा कुठेही. पदार्थविज्ञान इतक्या सुगंधी स्वरूपात मला पूर्वी कधी भेटले नव्हते.

मुलुंडहून जव्हारला जायला तीन वाटा निघाल्या. कसाऱ्याहून विहिगाव, खोडाळा करीत मोखाड्याला जाणारी वाट सर्वांत देखणी, जंगलातून नागमोडी जाणारी. आणि नेमकी म्हणूनच ती मी पहिल्या बैठकीत बाद केली. दुसरी भिवंडी-वाड्याची. वाड्याच्या कोलम तांदळाबद्दल मला अपार आदर आहे, पण त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्रांत इतके वाचले होते की लाडूंची काळजी वाटली. राहिली तिसरी : घोडबंदरवरून अहमदाबाद महामार्ग, मनोरला उजवीकडे वळून विक्रमगड आणि तेथून घाट चढून जव्हार. मेहुण्याचे म्हणणे, पुढे त्र्यंबकला जाऊन नाशिकमार्गे गोल फेरी मारावी. मी म्हटले, कसारा घाटात ट्रकांच्या रांगेत घर घेऊन उतरण्यापेक्षा आल्या वाटेने परत यावे. तीच वाट उलट्या बाजूने पाहिली की दुसरी दिसते.

आश्विनाच्या सुरुवातीला आम्ही दोघे नुसती मोटार घेऊन पाहणी करून आलो. खोली घरी, फक्त तिच्या रुंदीचा टेप बरोबर. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, मुकणे राजांची जुनी राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले. जयविलास राजवाडा अजून उभा आहे. गावाजवळ शिरपामाळ आहे; सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजीमहाराजांचा मुक्काम तेथे पडला होता. या राज्याच्या स्थापनेची एक दंतकथा आहे. मूळपुरुषाने म्हणे बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली, आणि ती मिळाल्यावर त्या कातड्याची बारीक वादी कापून तिच्या वेढ्यात येईल तेवढा मुलूख घेतला. कार्थेजच्या राणीबद्दलही हीच कथा सांगतात. जमीन मोजण्याची ही चतुराई मेहुण्याला फारच आवडली, आणि टेप घेऊन तो प्रत्येक वळणावर उतरू लागला. गुराख्यांची पोरे टेपचे दुसरे टोक धरायला धावत. एकाने विचारले, "रस्ता रुंद करणार काय?" नाही म्हटल्यावर त्याने टोक सोडून दिले.

जव्हारहून मोखाड्याकडे जाणारा रस्ता मात्र मी विसरणार नाही. उतारावर खुरासणी फुललेली. डोंगराच्या अंगावर कोणी हळद सांडावी तशी. मधे मधे नागली, वरईची खाचरे, कापणीच्या बेताला आलेली. मी वहीत लिहिले : "येथे थांबावे." मेहुण्याने खाली लिहिले : "येथे थांबता येत नाही." अशी आमची वही दोन हस्ताक्षरांत भरत गेली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की खोली जव्हारला उभी करायची, मोटार सोडवून घ्यायची आणि दाभोसा धबधबा, सूर्यमाळ, देवबांधचा गणपती ही सगळी ठिकाणे मोकळ्या मोटारीने करायची. घर ओढत न्यायचे ते राजरस्त्याने. आडवाटेला सडेच जायचे.

मोखाड्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. टपरी एका बाईंची. मेहुण्याने त्यांना मोबाइलवर आपल्या खोलीचा फोटो दाखवला. आतली चूल, पलंग, मोरी हे सगळे बघून झाल्यावर त्यांनी विचारले, "ह्यात पाणी किती बसतं?"

"नव्वद लिटर."

"हंड्यात सांगा."

मेहुण्याला सांगता येईना. बाईंनीच हिशेब केला. "सहा हंडे. आणि भरणार कुठून?"

"इथूनच कुठूनतरी."

"आता भरा. मार्चानंतर येऊ नका."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. खोली रिकामी नाही, हे लॉजवाला सांगतो तसे त्यांनी ते सांगितले.

मी मनातल्या मनात हंड्यांचाच हिशेब करू लागलो. याच मोखाडे तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेचे मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंच. २०१४ साली पुरे झाले. मुंबईला त्यातून रोज पंचेचाळीस कोटी पन्नास लाख लिटर पाणी मिळावे अशी योजना. म्हणजे बाईंच्या मापाने तीन कोटी हंडे रोज. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात. पाऊस धोधो पडतो, डोंगरावरून वाहून जातो, आणि धरणे साठवतात ते नळाने शंभर किलोमीटर दूर पोचते. मुलुंडच्या आमच्या नळाला जे येते त्यात मोखाड्याचा किती अंश असतो हे नळ सांगत नाही.

घरी आल्यावर आईने तोच प्रश्न विचारला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघ्यांमुळे तिचे प्रवास बंद पडले होते. आपली मोरी आपल्याबरोबर येणार म्हणून ती या बेतात हौसेने सामील झाली. पण बिऱ्हाड बघायला गेलेली मराठी बाई भिंतींचा रंग बघत नाही, आधी नळ सोडून बघते. "पाणी कुठलं?" तिने विचारले. मी टपरीवरची हकीगत सांगितली. "मग इथूनच भरून न्या," ती म्हणाली, "आणि पुरवून वापरा. कोणाच्या विहिरीला हात लावायचा नाही."

खरा वाद झाला तो महिन्याचा. मेहुण्याला मोठी रजा मेमध्येच मिळते. तेव्हा मुंबई भाजून निघते नि जव्हारला वारा असतो, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दिवाळीत फार तर चार दिवस हाती लागणार. "पाण्याचं काय एवढं? टँकरवाल्याला पैसे टाकू," तो म्हणाला. पैसे टाकून पाणी मिळेल याबद्दल मला शंका नव्हती. माझी अडचण तीच होती. रांगेतल्या हंड्यांपुढे आमची सहा हंड्यांची टाकी उभी करून वर थंड हवा खायची, हे मला जमणार नव्हते. दोन दिवस आमच्याकडे कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. मग मेहुण्याने चार दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि भाऊबीजेचा दुसरा दिवस मुक्रर झाला.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. टपरीवरून निघताना मी बाईंना म्हणालो होतो, "दिवाळीनंतर घर घेऊन येऊ, तेव्हा चहाला थांबू." त्या हसल्या. "दिवाळी झाली की आम्ही भट्टीवर." त्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. टेम्पोत पातेली, गोधड्या, कोंबड्या, त्यांवर पोरे. आम्ही घाट चढत असू तेव्हा यांतली कित्येक बिऱ्हाडे उतरत असणार.

घाटाचा नियम असा, की चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी. मेहुण्याला तो पाठ आहे. तरीही मी वहीत विक्रमगड ते जव्हार या टप्प्यावर सहा जागा लाल पेन्सिलीने दाखवल्या आहेत. तेथे आमची साडेसहा फुटी खोली कडेला घेऊन उतरत्या टेम्पोला जाऊ देता येते. मेहुण्याने वही पाहिली, टेपच्या आकड्यांशी ताडून घेतली आणि त्यांतली चौथी जागा खोडून पाचवीपाशी लिहिले : "ही जास्त रुंद."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमचा गृहप्रपंच चाकांवर चढलेला असेल. सध्या मेहुणा रोज पहाटे आमच्या सोसायटीच्या आवारात खोली मागे घेण्याचा सराव करतो. दोन कुंड्या फुटल्या आहेत. रखवालदार शिटी वाजवत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, आणि खोली नेमकी दुसरीकडेच जाते. आई गॅलरीतून बघत असते. काल तिने खाली निरोप पाठवला, टाकी आधी घासून घ्या म्हणून.