गोळ्या टाकण्याआधी वाच

सावंतवाडी,
आषाढ वद्य

प्रिय बायो,

फोनवर तू गोगलगायींसाठी गोळ्यांचा पुडा आणल्याचं सांगितलंस आणि तेवढ्यात रेंज गेली. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाहीच, म्हणून लिहिते.

त्या गोळ्या वाफ्यात टाकू नकोस. पुड्यावर बारीक अक्षरांत मेटाल्डिहाइड असं नाव असेल. गोगलगायीने यावं म्हणून ते विष कोंड्याच्या खाद्यात कालवतात, आणि त्या खाद्याची ओढ कुत्र्यालाही असते. तुझा मोती दिवसभर परसात हुंगत फिरतो. त्याने त्या गोळ्या खाल्ल्या तर थोड्या वेळात अंग थरथरायला लागेल, ताप चढेल, आकडी येईल. या विषावर नेमका असा उतारा नाही. डॉक्टर आकडी आवरतात, पोट साफ करतात आणि वाट बघतात. ब्रिटनमध्ये २०२२ च्या एप्रिलपासून उघड्यावर ते वापरायला बंदी आहे, कारण पक्ष्यांना आणि रानातल्या प्राण्यांना त्याचा धोका आहे. पुडा फोडला नसशील तर दुकानदाराला परत दे. फोडला असशील तर कपाटात कुलपात ठेव. पऱ्यात तर मुळीच सोडू नकोस.

आणि आपल्या पावसात त्याचा उपयोग तरी किती? त्या विषाने गोगलगाय अंगातला चिकट द्रव भराभर टाकते आणि सुकून मरते. भर आषाढात तिला पुन्हा हवं तेवढं पाणी मिळतं आणि विषाची मात्रा कमी पडलेली गोगलगाय सावरून चालायला लागते. गोळी मात्र विरघळून मातीत जाते.

आता आधी खात्री कर की तुझी झेंडूची रोपं गोगलगायीच खाताहेत. पानाला वेडीवाकडी भोकं आणि सकाळी मातीवर चकाकणारा वाळलेला माग, हे दोन्ही असेल तर गोगलगाय. माग नाही आणि पानावर बारीक काळी विष्ठा आहे, तर अळी. तुझ्याकडे बहुधा दोन्ही तऱ्हेच्या गोगलगायी असणार: कवच वागवणारी शंखी आणि बिनकवचाची शेंबी. बागेत सगळीकडे दिसते ती चपटी काळसर शेंबी मूळची आफ्रिकेतली मानतात. मोठी शंखीही तिकडचीच. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथल्या बागांत ती सुटली, आणि २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादच्या शेतकऱ्यांवर तिच्यामुळे सोयाबीन दुबार पेरायची पाळी आली. त्या मानाने तुझे चार वाफे म्हणजे हाताने आवरण्यासारखं काम आहे, आणि मी तुला तेच सांगणार आहे. हाताने वेच.

रात्री जेवणं झाली की बॅटरी, चिमटा आणि झाकणाची बादली घेऊन बाहेर पड. पाऊस नुकताच ओसरला असेल ती वेळ सगळ्यात चांगली. गोगलगायी उन्हाला भितात, कोरड्या वाऱ्याला भितात, म्हणून दिवसभर विटेखाली, कुंडीच्या बुडाशी, पडलेल्या झावळीखाली दडून असतात आणि अंधार पडला की वर येतात. रोपाच्या बुंध्याशी आधी बघ, मग पानाच्या खालच्या बाजूला. पहिल्या रात्री तुला किळस येईल. चिमटा आहे, त्यामुळे निभेल. रोज बाहेर पडलीस तर कुठून येतात, कुठल्या कोपऱ्यात जमतात हे तुला कळायला लागेल, आणि मग निम्मं काम त्या कोपऱ्यातच उरकेल. बहुतेक वेळा तिथे एखादी कुजकी फळी निघते.

रात्री जमणार नसेल तेव्हा संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला पसर. सकाळी उचल, त्याखाली जमलेल्या मिळतील. मराठवाड्यात कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं. गोणपाट मात्र रोज उचलायचं. आज टाकून चार दिवस विसरलीस तर तू त्यांना घर बांधून दिलंस असं होईल.

वेचलेल्यांचं काय करायचं, हे तुझ्या मनात येईलच. कडकडीत पाण्यात टाक, लगेच संपतात. मग खड्ड्यात पुरून टाक. जिवंत गोगलगायीवर मीठ टाकून तिला तडफडत ठेवणं मला पाहवत नाही, आणि वाफ्यात मीठ पडलं की रोपांची मुळंही जळतात. मुलांना उघड्या हाताने उचलू देऊ नकोस. उंदरांच्या फुप्फुसांत राहणारा एक जंत गोगलगायीतून माणसात येतो आणि त्याने मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. तुमच्या वाफ्यातली पालेभाजी एकेक पान वेगळं करून, वाहत्या पाण्याखाली धुऊन, शिजवूनच खा.

अंड्याची टरफलं, राख, चुना यांत फार जीव गुंतवू नकोस. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तांब्याची पट्टी, टरफलं, खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्या अशी पाच कुंपणं लेट्यूसभोवती करून पाहिली. २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की कुंपण असलेली आणि नसलेली रोपं सारखीच खाल्ली गेली. चुना आणि राख कोरडी असेपर्यंत अडवतात, पण कोकणात आषाढात कोरडं काय राहतं? तंबाखूचा काढा आणि मोरचूद या मात्र घरगुती उपाय म्हणून निर्धोक समजण्याच्या गोष्टी नव्हेत. निकोटिन मधमाशीला मारतं आणि मोरचुदाने गांडुळं जातात. अगदीच विकतचं काही हवं असेल तर फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात का विचार. त्यांचा धोका बराच कमी आहे. तरीही मोती पुडा फोडून खाणार नाही एवढं बघच.

तू विचारलंस, गोगलगायींना खाणारं काहीतरी आणून सोडता येणार नाही का? नाही, बायो. मोठ्या शंखीला खावी म्हणून १९५५ मध्ये हवाई बेटांवर अमेरिकेतली एक मांसाहारी गोगलगाय सोडली, पुढे १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरही. तिने शंखीला सोडलं आणि त्या बेटांवरच्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या चिमुकल्या गोगलगायी फस्त केल्या. मोरेआच्या पार्टुला जाती दहा वर्षांच्या आत रानातून नाहीशा झाल्या. काही थोड्या प्राणिसंग्रहालयांत जगल्या.

आणायचं कशाला, खाणारे तुझ्या परसात आहेतच. कुंपणाच्या जाळीत दबकत चालणारा भारद्वाज शंखीसुद्धा फोडून खातो. बेडूक आहेत, तुझ्या कोंबड्या गोगलगायींची अंडी उकरतात. आणि काजवे. मे महिन्याच्या अखेरीस देवरुखला तुमच्या मागच्या झाडावर जे लुकलुकताना बघून तू मला रात्री साडेदहाला फोन केलास, ते त्यांचं अखेरचं, थोड्या दिवसांचं रूप. त्याआधी कितीतरी महिने काजवा अळीच्या रूपात ओलसर पानांच्या थरात जमिनीवर असतो आणि गोगलगायींवर जगतो. अळी गोगलगायीच्या मागावर जाते, चावून तिला लुळी करते आणि तिचं मांस पातळ करून शोषून घेते. गोगलगाय विष खाऊन पडली तर तिच्यावर जगणाऱ्या सगळ्यांच्या पानात तेच वाढलं जातं, किंवा त्यांचं अन्नच संपतं. हे मला मनापासून वाटतं की पुढच्या ज्येष्ठात ते झाड लखलखायला हवं असेल, तर तुझ्या परसात काही गोगलगायी असायलाच हव्यात.

म्हणून सगळ्या मारायच्या हिशेबाने निघू नकोस. वाफा तुझा, कुंपणापलीकडचा पाचोळा त्यांचा. तिथे कुजलेलं पान आणि बुरशी खाऊन माती करणाऱ्याही कितीतरी जाती आहेत, त्यांतल्या काही आपल्या सह्याद्रीच्याच. ब्रिटनमध्ये शेंबीच्या ४४ जाती आहेत आणि त्यांतल्या फक्त नऊ बागेतली रोपं खातात. हे लक्षात घेऊनच रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये गोगलगायींना कीड म्हणणं सोडून दिलं.

तुझ्या वाफ्यापुरतं आणखी थोडं. रोपं वीतभर होईपर्यंत ओट्यावर, उंचावर ठेव. कोवळं रोप एका रात्रीत जातं, पण दांडा जून झाला की चार पानं गेली तरी उभं राहतं. दोडका, पडवळ मांडवावर गेले की सुटलेच. पाचोळ्याचं आच्छादन पाऊस असेपर्यंत बुंध्यापासून हातभर लांब सार, दसऱ्यानंतर परत ओढून घे. पाऊस संपल्यावर पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाल, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहील.

आणि अंडी शोध. बागेतल्या या गोगलगायींत नर-मादी वेगळे नसतात, दोन्ही एकाच अंगात, म्हणून प्रत्येकीच्या पोटी अंडी. कुंडी उचललीस की खाली मातीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पुंजका दिसेल. तो काढून कोंबड्यांना टाक. एक पुंजका काढलास की महिन्याभराचं वेचणं वाचतं. पण अंडी मोठी, लांबट, पांढरी आणि चामट असतील तर ती सापसुरळीची किंवा सरड्याची. ती दिसली तर हलवू नकोस, माती पुन्हा वर ओढ आणि कुंडी शेजारी दुसरीकडे ठेव.

सासूबाईंना नमस्कार सांग, मुलांना पापा.

तुझी,
आत्या